टाकीला फिल्म लावायचीय की काडी?

परवा जिंतूरहून भाच्याचा फोन. "मामा, थोडं रॉकेल हाय का घरी?" कशाला, तर नव्या मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीला रंग जपणारी पारदर्शक फिल्म लावायची. गाडीचा दुसरा हप्ता अजून गेला नाही! मागोमाग मेसेज आला, तोच, जो माझ्याकडे तीन ग्रुपवरून आधीच येऊन पडलाय: 'दुकानदार लुटतात, घरीच करा. टाकी रॉकेल नाहीतर पेट्रोलनं पुसा, भर उन्हात तापू द्या, वह्यांचं पारदर्शक कव्हर किंवा पॅकिंगची टेप लावा, वरून हेअर ड्रायर मारा. रंग जन्मभर जसाच्या तसा.'

आधी रॉकेल आणि ड्रायर. बाकीच्या चुकांनी फार तर रंग जाईल, इथं हात भाजेल. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात इंधनांचे वर्ग पाडलेत, ते किती तापमानाला त्यांची वाफ पेट घेते त्यावरून. २३ अंशांच्या खाली 'अ' वर्ग, त्यात पेट्रोल. २३ ते ६५च्या मधे 'ब', त्यात रॉकेल. आता परभणीत मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढं जातो आणि उन्हातल्या पत्र्याला तर बोट टेकवत नाही. म्हणजे जे रॉकेल एरवी जरा सुस्त असतं, तेही तिथं तयारच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरून गाडीभोवती रेंगाळते. ड्रायरमधे लालबुंद तार. आणि हा सगळा खेळ पेट्रोलच्या झाकणाशेजारी!

"दुकानात हीट गन मारतातच की," असं भाचा म्हणाला. मारतात. पण तिथं टाकीवर साबणाचं पाणी असतं, इंधन नसतं. शिवाय रॉकेलचा तेलकटपणा मागं राहतो, त्यावर कोणताही गोंद धरत नाही.

टेपचं मी स्वतः भोगलंय. पहिल्या गाडीच्या साइड पॅनलला हौसेनं लावली होती. दोन उन्हाळ्यांत हळदीसारखी पिवळी झाली, नखानं काढायला गेलो तर कपचे कपचे निघाले, गोंद तिथंच राहिला आणि त्यावर काळ्या मातीची धूळ बसली. जाता जाता कंपनीचं स्टिकरही घेऊन गेली. खरी फिल्म पॉलियुरेथेन नावाच्या लवचिक प्लास्टिकची, साधारण १५० ते २०० मायक्रॉन, टेपच्या तीन-चार पट जाड. ती ताणते, बारीक ओरखडा उष्णतेनं भरूनही येतो. पण तीही जन्मभर टिकत नाही.

ऊन तर नकोच. पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब टाकून फवारायचं, म्हणजे फिल्म सरकवता येते, मग रबराच्या पट्टीनं पाणी बाहेर काढायचं. तापल्या पत्र्यावर पाणी आधीच उडतं आणि गोंद जिथं टेकला तिथं बसतो. गाडी नुकतीच रंगवली असेल तर महिनाभर थांबा.

आता कबूल करतो, दुकानातली मजुरी जास्त वाटते, आणि हेडलाइट किंवा गुडघे घासतात तो टाकीचा सपाट भाग घरी होतो. टाकीच्या वरच्या गोलाईला मात्र सुरकुत्या पडतात. तिथं बनी तो बनी, नहीं तो परभणी.

भाच्याला म्हटलं, सकाळी सातला सावलीत बस. तर म्हणे, "मामा, सातला टँकर येतो, पाणी भरायचं असतं."

मग सहाला बस.