थिमय्यांचा राजीनामा १९४८ चा नव्हे

दरवर्षी १५ जानेवारीला, सेना दिनाच्या सकाळी, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. पाठवणारे धाकटे मामा. वर तिरंगा, खाली गणवेशातल्या थिमय्यांचा फोटो आणि मधे तीन वाक्यं : ‘१९४८ चं युद्ध सेनाप्रमुख जनरल थिमय्यांनी जिंकलं. त्यांनी मुझफ्फराबादसाठी आणखी तीन दिवस मागितले, नेहरूंनी दिले नाहीत. उलट नेहरू आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी इतका अपमान केला, की थिमय्यांना राजीनामा द्यावा लागला.’ तीन दिवसांचा भाग सोडला तर मे २०१८ मध्ये कर्नाटकच्या प्रचारात पंतप्रधान मोदींनीही कलबुर्गीच्या सभेत जवळजवळ हेच सांगितलं होतं, त्यामुळे मामांचा भरवसा आता पक्का झालाय.

मला नेहरूंचं वकीलपत्र घ्यायचं नाही. थिमय्यांच्या बाबतीत त्यांच्यावर ठेवण्यासारखा ठपका आहे, पण तो या मजकुरात कुठेच नाही.

पहिलं वाक्य घेऊ. १९४८ साली भारताचे सेनाप्रमुख इंग्रज होते, जनरल रॉय बुचर. १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पांनी पहिले भारतीय सेनाप्रमुख म्हणून त्यांच्याकडून सूत्रं घेतली, म्हणून तर तो सेना दिन. म्हणजे मजकूर ज्या दिवशी फिरतो तो दिवसच त्याचं पहिलं वाक्य खोडून काढतो. थिमय्या तेव्हा मेजर जनरल होते. मे १९४८ मध्ये काश्मीरमधल्या फौजेचे दोन भाग झाले. श्रीनगरकडची डिव्हिजन थिमय्यांकडे आली, जम्मूकडची आत्मा सिंग यांच्याकडे. दोघांच्याही वर करिअप्पा होते. अर्धी आघाडी थिमय्यांची होती, सगळं युद्ध नव्हे.

यात त्यांना कमीपणा काहीच नाही. त्या अर्ध्या आघाडीवर त्यांनी जे केलं ते वाचून आजही थक्क व्हायला होतं. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला पहिलं डकोटा विमान उतरवलं. दहा हजार फुटांहून उंचावर सोनम नोरबू या इंजिनिअरने लडाखी लोकांना हाताशी धरून तयार केलेली मातीची धावपट्टी, आणि वाटेत डकोटाच्या आवाक्याबाहेरची शिखरं. या पहिल्या विमानात थिमय्या स्वतः बसले होते.

आणि झोजी ला, श्रीनगरहून लेहला जाताना लागणारी खिंड. पायदळाचे हल्ले सप्टेंबरमध्ये फसले होते. तेव्हा ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडून आणायचं ठरलं. रस्त्यावरच्या पुलांना वजन पेलवेना म्हणून रणगाड्यांचे तोफेचे बुरूज उतरवून वेगळे नेले, पूल टेकू देऊन मजबूत केले, बभ्रा होऊ नये म्हणून श्रीनगरात संचारबंदी लावली. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअर तुकडीने, खिंडीपर्यंतची खेचरांची वाट रणगाडा जाईल इतकी रुंद केली. १ नोव्हेंबरला, बर्फ पडत असताना, साडेअकरा हजार फुटांवर रणगाडे वर चढले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पुढच्या रणगाड्यात खुद्द डिव्हिजन कमांडर होता. मग द्रास, मग नोव्हेंबर संपायच्या आत कारगिल, आणि लेहचा रस्ता मोकळा. मजकूर लिहिणाऱ्याला हे सगळं आयतं मिळत होतं. त्यातलं एक अक्षर त्याने घेतलेलं नाही.

आता तीन दिवस. कोणत्या महिन्यातले, हे मजकूर सांगत नाही. मुझफ्फराबादच्या सर्वांत जवळ आपण गेलो ते मे १९४८ मध्ये. हरबक्ष सिंग यांच्या ब्रिगेडने २३ मे रोजी तिथवाल घेतलं, तिथून मुझफ्फराबाद तीस किलोमीटरच्या आत. पण तिथवालपर्यंतची चाल इतकी झपाट्याची होती, की मागून रसद आणि ताज्या तुकड्या वेळेत पोचेनात. उरीकडून निघालेली एल. पी. सेन यांची दुसरी ब्रिगेड वाटेत अडकली. आणि तोवर पाकिस्तानचं नियमित सैन्य रणात उतरलं होतं. जुलैत तर पांडूचा डोंगर आपल्या हातून गेला. युद्धबंदी झाली १ जानेवारी १९४९ ला, म्हणजे तिथवालनंतर सात महिन्यांनी, आणि तीही ऐन हिवाळ्यात. युद्धबंदी घाईने केली का, यावर वाद जरूर घालावा. पण मे महिन्यातली हुकलेली संधी डिसेंबरच्या निर्णयाला चिकटवली, तर तो वादच होत नाही.

मेनन यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. १९४८ मध्ये संरक्षणमंत्री होते सरदार बलदेव सिंग. मेनन लंडनला भारताचे उच्चायुक्त होते. त्या सुमारास सैन्याच्या संदर्भात त्यांचं नाव गाजलं ते जीप खरेदीच्या प्रकरणात. ते संरक्षणमंत्री झाले एप्रिल १९५७ मध्ये.

मधली नऊ वर्षं मजकुरातून गायब आहेत, आणि ती तशी गायब करावीच लागतात. कारण अपमान करून बाजूला सारलेल्या माणसाची कारकीर्द अशी नसते. कोरियातलं युद्ध थांबल्यावर, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून जास्त कैद्यांचं काय करायचं, हा प्रश्न सोडवायला तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष थिमय्या होते. कैदी सांभाळायला गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं तेव्हा थोरात निःशस्त्र तारेच्या आत गेले आणि त्याला घेऊन बाहेर आले. दोघांची दोस्ती जुनी. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी भारतीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या : थिमय्या, थोरात आणि वर आलेले एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं.

कोरियाहून परतल्यावर थिमय्यांना पद्मभूषण, मग पुण्याला सदर्न कमांड, मग ईस्टर्न कमांड. ८ मे १९५७ ला ते सेनाप्रमुख झाले, तेही संत सिंग आणि कुलवंत सिंग या दोन ज्येष्ठ जनरलांना मागे टाकून. यातल्या कुलवंत सिंगांकडे थिमय्यांच्या आधी काश्मीरची आघाडी होती. ही नेमणूक कोणाची? नेहरूंच्या सरकारची. आणि तेव्हा संरक्षणमंत्रिपदावर येऊन मेनन यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते.

उरला राजीनामा. तो दिला होता, हे शंभर टक्के खरं. फक्त ३१ ऑगस्ट १९५९ ला, काश्मीरच्या युद्धानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी. कारण पाकिस्तान नव्हतंच. बढत्यांमधला मंत्र्यांचा हात, त्यातही बी. एम. कौल या लष्करी अधिकाऱ्याच्या बढतीवरून पेटलेला वाद, सेनाप्रमुखाला डावलून खालच्यांशी होणारी बोलणी आणि चीनच्या सीमेबद्दलची बेफिकिरी. आठवडाही उलटला नव्हता ईशान्य सीमेवरच्या लोंगजूच्या चौकीवर चिन्यांनी गोळीबार केल्याला. मेनन यांच्या हाताखाली काम करणं अशक्य आहे, असं थिमय्यांनी पत्रात कळवलं. नेहरूंनी बोलावून घेतलं, समजूत काढली, थिमय्यांनी पत्र मागे घेतलं. पण बातमी फुटली. २ सप्टेंबरला नेहरू संसदेत उभे राहिले, त्यांनी मेनन यांची पाठराखण केली, भांडण स्वभावाच्या विसंगतीवर नेऊन बसवलं आणि नागरी सत्ताच श्रेष्ठ राहील हे ठणकावलं. तत्त्व बरोबर, पण ज्याला आदल्या दिवशी गळ घालून परत आणलं त्याला दुसऱ्या दिवशी भर सभागृहात उघडं पाडणं बरोबर नव्हतं. अपमान म्हणायचा तर हा. मामा, इथे मी तुमच्या बाजूने आहे.

मात्र ‘द्यावा लागला’ म्हणावं, तर राजीनामा मागे घेतल्यावर थिमय्या जवळजवळ वीस महिने पदावर होते आणि मुदत संपवून ७ मे १९६१ ला निवृत्त झाले. पुढे १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना सायप्रसला शांतिसेनेचे प्रमुख म्हणून नेलं. १८ डिसेंबर १९६५ ला तिथेच, कामावर असताना त्यांचं निधन झालं. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढलं.

माझ्या मते खरा ठपका आहे तो १९६१ चा. आपल्या जागी थोरात यावेत, ही थिमय्यांची शिफारस होती. थोरात चार वर्षं ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते, म्हणजे चीनच्या पूर्व आघाडीची इंच न् इंच त्यांना माहीत. राजीनाम्याला सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा, ८ ऑक्टोबर १९५९ ला, त्यांनी लेखी सांगितलं होतं की थेट सीमेवरच्या चौक्या नुसत्या टेहळणीपुरत्या ठेवा, खरी लढाई मागे, आजच्या अरुणाचलातल्या बोमडिलासारख्या, आपल्याला रसद पोचवता येईल अशा रेषेवर द्या. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाच्या सरावात त्यांनी हेच नकाशावर मांडून दाखवलं. सेवाज्येष्ठता प्राणनाथ थापर यांची होती हे खरं. पण १९५७ मध्ये हीच ज्येष्ठता थिमय्यांसाठी बाजूला ठेवता आली होती. १९६१ मध्ये ती ठेवली नाही. थापर सेनाप्रमुख झाले, त्याच वर्षी कौल चीफ ऑफ जनरल स्टाफच्या खुर्चीत बसले आणि थोरात निवृत्त होऊन घरी आले. ईस्टर्न कमांडला त्यांच्या जागी गेले कांगॉचे तिसरे सोबती, एल. पी. सेन. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी फौजा सीमेवरचा थागलाचा डोंगर उतरून आल्या, तेव्हा पूर्वेकडचे आर्मी कमांडर तेच होते.