‘स्केलिंग केलं की दात हलतात’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मशीनने दात साफ करून (म्हणजे स्केलिंग) घेऊ नका, इनॅमल (दातावरचं कठीण आवरण) निघतं, फटी पडतात, दात हलायला लागतात. दुखत नसेल तर तपासणी कशाला? ब्रश पुरेसा आहे. आणि दर सहा महिन्यांनी बोलावणं हा धंदा आहे. शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे येतोच.

‘फटी पडतात, दात हलतात.’ हा मुद्दा लोकांना पटतो, कारण अनुभव खोटा नसतो. कारण मात्र भलतंच चिकटवलेलं असतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने जीभ फिरवून बघा. खरखरीत लागलं तर ते बहुधा कीटण. लाळग्रंथींची तोंडं तिथेच जवळ उघडतात. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातावरच्या चिकट थरात साचत जातं आणि त्याचा अक्षरशः दगड होतो. तो दोन दातांच्या मधे भरत राहतो, हिरडी सुजते, मग खाली सरकते आणि आतलं हाड झिजतं. हे सगळं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. स्केलिंगने दगड निघतो आणि आधीच झालेली फट उघडी पडते. दात हलत असेल तर हाड गेलंय म्हणून. इतके दिवस कीटणाने त्याला शेजाऱ्याशी जखडून ठेवलं होतं, एवढंच.

साफसफाईनंतर काही दिवस थंड पाण्याने दात आंबतात, हे खरं. झाकलेली मुळं उघडी झालेली असतात. हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. सांगत नाहीत, मग असले मेसेज फोफावतात.

‘इनॅमल निघतं.’ इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. स्केलिंगच्या मशीनचं टोक त्याला खरवडत नाही, सेकंदाला हजारो वेळा थरथरून कीटण सुटं करतं. गंमत म्हणजे याच मेसेजमध्ये खाली ‘घरगुती उपाय’ म्हणून दातांवर लिंबू चोळायला सांगितलंय! पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र; साधारण 5.5 च्या खाली पीएच गेला की इनॅमल विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3. आणि गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही.

‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे.’ इनॅमलमध्ये नसाच नसतात, दुखणार काय? दाढ ठणकते तेव्हा कीड बहुतेक वेळा खोल गेलेली असते. हिरड्यांचा आजार त्याहून गुपचूप वाढतो. म्हणून तपासताना डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या मधे घालून खोली मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंत सहसा ठीक. 4 किंवा जास्त भरली तर लक्ष द्यायला हवं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येतं, त्यामुळे त्यांना तर सुगावाच लागत नाही.

‘ब्रश पुरेसा आहे.’ ब्रशला पर्याय नाही, हे मान्य. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या लोकांनी दात घासणं बंद केलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासायला लागल्यावर बऱ्याही झाल्या. पण ब्रशने निघतो तो मऊ थर. एकदा दगड झाला की कितीही घासा.

राहिला ‘धंदा’. सरसकट सहा महिन्यांचा नियम खरंच शास्त्राने सिद्ध झालेला नाही. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) असं दिसलं, की हिरड्यांचा गंभीर आजार नसलेल्या, नियमित तपासणी करून घेणाऱ्या प्रौढांमध्ये ठरावीक काळाने केलेल्या साफसफाईने दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडत नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक सूचनाही प्रौढांसाठी तपासणीचं अंतर 3 महिन्यांपासून 2 वर्षांपर्यंत, ज्याच्या त्याच्या धोक्यानुसार ठरवायला सांगते. यातून ‘जाऊच नका’ हा निष्कर्ष कुठून निघाला? मधुमेह, धूम्रपान, सतत कोरडं पडणारं तोंड, आधीचा हिरड्यांचा आजार यांपैकी काही असेल तर लवकर जावं लागेल. तोंड निरोगी असेल तर उशिरा चालेल. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘माझ्यासाठी किती अंतर, आणि का?’ ‘सगळ्यांनाच सहा महिने’ एवढंच उत्तर आलं, तर ‘का?’ पुन्हा एकदा विचारा.