शिट्टी, ढग आणि डोळ्यांची जळजळ

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जुन्या मित्राच्या कुटुंबासोबत आलात, बऱ्याच वर्षांनी निवांत बोलायचं होतं, आणि स्विमिंग पूलवरच्या जीवरक्षकाने सारखी शिट्टी वाजवून त्याचा विचका केला. मित्रासमोर अपमान झाला, पाऊस नसताना पूल बंद ठेवला, पाण्यात क्लोरीन जास्त होतं, दोन कुटुंबांच्या खोल्या लांब होत्या. म्हणून एक तारा. तक्रारी सरळ लिहिल्यात, उत्तरही सरळच देतो.

आधी शिट्टी. तुम्ही म्हणता, "आम्ही चार मोठी माणसं तिथेच बसलो होतो." आमची काळजी नेमकी तिथेच सुरू होते. एकटी आई मुलाला घेऊन आली तर तिची नजर पाण्यावरून हलत नाही. दोन कुटुंबं असली की याला वाटतं तो बघतोय, त्याला वाटतं वहिनींचं लक्ष आहे. त्यात शाळेतले दोस्त इतक्या वर्षांनी भेटलेले! गप्पा रंगल्या की चौघांचीही पाठ पुलाकडे.

बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही की हात हलवत नाही. तोंड क्षणभर वर येतं, त्यात जेमतेम श्वास घेता येतो. हाक मारायला तो पुरत नाही. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. मिनिटाभराच्या आत मूल पाण्याखाली जातं आणि काठावर बसलेल्यांना काही ऐकूही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण सर्वाधिक आहे ते १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये. धाकट्याच्या दंडाला हवा भरलेले फुगे होते, खरंय. पण ते खेळणं आहे. निसटतात, हवा जाते. मुलाच्या वजनाला बसणारं लाइफ जॅकेट आमच्याकडे मागितलं की मिळतं. तरीही एवढ्या लहान मुलाजवळ, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, मोठं माणूस पाण्यात हवंच. "मग जीवरक्षक कशाला ठेवलाय?" तो अख्खा पूल बघायला आहे. त्याने तुम्हाला सुचवलं होतं की चौघांनी पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावा: ज्याची पाळी त्याने मोबाइल बाजूला ठेवायचा, गप्पांत पडायचं नाही, आणि "आता तू बघ" असं तोंडाने सांगूनच उठायचं. बाकी तिघांनी खुशाल बोलत बसावं. यात अपमान कुठे झाला, मला अजून कळलेलं नाही.

पाऊस नव्हता, पण गडगडाट होता. वीज पावसाच्या जागेपासून पंधरा किलोमीटरवरही पडू शकते, आणि गडगडाट कानावर आला म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आहोत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणालाही पाण्यात सोडायचं नाही, हा नियम. मध्ये पुन्हा आवाज झाला की ती ३० मिनिटं पहिल्यापासून मोजायची. मुलं रुसली होती, मीही पाहिलं. आम्ही त्यांच्या शिव्या खायला तयार आहोत.

क्लोरीनचं मात्र तुम्हाला वाटतं त्याच्या उलट आहे. तो उग्र वास आणि डोळ्यांची जळजळ बहुतेक वेळा जास्त क्लोरीनमुळे होत नाही. घाम, सनस्क्रीन आणि (मुलांचा विषय आहे, बोललंच पाहिजे) लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो त्रास. म्हणून पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर शॉवर घ्यायला सांगतो आणि लहानग्यांना मधूनमधून बाथरूमला न्यायला सांगतो. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवतो. मोजमापांची वही काउंटरवर असते, कुणीही उघडून बघावी.

राहिल्या खोल्या. तुमचं आणि तुमच्या मित्राचं बुकिंग वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या नावांनी आलं होतं. एकत्र येताय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढच्या वेळी दोन्ही बुकिंगमध्ये एकमेकांचं नाव टाका. शेजारच्या खोल्या रिकाम्या असल्या तर त्याच देऊ. शिट्टी तेव्हाही वाजेल.

– मालक