पॉइंटर आपोआप हलला म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, बहुतेकांकडे आला असेल. त्यात म्हटलंय की पॉइंटर आपोआप हलला म्हणजे कॉम्प्युटर हॅक झालाय, एकच अक्षर सारखं टाइप होतंय म्हणजे व्हायरस आहे, माउस अडकतोय म्हणजे तो गेला, नवीन घ्या, रात्री कॉम्प्युटर आपला आपण चालू झाला म्हणजे कोणीतरी बाहेरून वापरतंय, आणि वायरलेस माउस-कीबोर्ड तर कोणीही हॅक करू शकतं. उपाय काय, तर ताबडतोब फॉरमॅट मारा. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण माझ्या मावशीने असंच काहीतरी वाचून लॅपटॉप फॉरमॅट करून घेतला, बॅकअप नव्हता, कित्येक वर्षांचे फोटो गेले, आणि दुसऱ्या दिवशी पॉइंटर परत तसाच सरकायला लागला. माउस उलटा करून बघितला तर सेन्सरच्या भोकात एक बारीक केस अडकलेला.

तर पहिला मुद्दा तिथेच संपतो. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो घेतो आणि दोन फोटोंतल्या फरकावरून आपण किती सरकलो ते ठरवतो. तिथे केस आला, टेबलावर काच असली किंवा टेबल फार चकचकीत असलं की त्याचा हिशोब चुकतो आणि माउस जागेवर असतानाही पॉइंटर थरथरतो किंवा हळूहळू एका बाजूला जातो. शंका आली की आधी डोंगल (वायरलेस माउसचा सिग्नल घेणारा, यूएसबीत लावलेला छोटा तुकडा) काढा, ब्लूटूथचा माउस असेल तर माउसच बंद करा, लॅपटॉप असेल तर टचपॅडही बंद करा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. पॉइंटर थांबला तर दोष माउसचा किंवा टचपॅडचा, एकेक परत चालू केलं की कोणाचा ते कळतं. हे सगळं बंद असूनही तो हलतोय, खिडक्या उघडतोय, तर मात्र इंटरनेट तोडा आणि जाणकार माणसाला दाखवा, तेव्हा घाबरणं बरोबर आहे.

एकच अक्षर शंभर वेळा उमटणं. वायरलेस कीबोर्ड बटण दाबल्याचा एक सिग्नल पाठवतो आणि सोडल्याचा वेगळा. सेल उतरलेला असेल किंवा मध्ये अडथळा आला आणि सोडल्याचा सिग्नल पोचलाच नाही तर कॉम्प्युटरला वाटतं बोट अजून बटणावरच आहे, मग तो ते अक्षर छापत राहतो. हेच कंट्रोल बटणाचं झालं की स्क्रोल करताना पेज लहान-मोठं व्हायला लागतं आणि लोक ब्राउझर काढून परत टाकत बसतात. ते बटण एकदा दाबून सोडा, सेल बदला. आणि अजून एक, जुना कीबोर्ड ड्रॉवरमध्ये टाकलाय पण त्याचं डोंगल मागे तसंच लागलेलं आहे आणि कीबोर्डवर फाइल ठेवलीय, असं मी स्वतः बघितलंय, कॉम्प्युटरवर नुसत्या स्पेस पडत होत्या आणि सगळे व्हायरस शोधत होते.

माउस अडकतो म्हणजे तो गेला, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण चांगले माउस फेकले जातात. बहुतेक डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच, पण खरी गंमत यूएसबी ३.० ची आहे. त्याच्या पोर्टमधून, केबलमधून, बाहेर लावलेल्या हार्ड डिस्कमधून नेमका याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने २०१२ मध्ये मोजमापं घेऊन यावर आख्खा पेपर काढलाय. म्हणून हार्ड डिस्कवर कॉपी सुरू केली की माउस धक्के खात चालतो आणि कॉपी संपली की शहाण्यासारखा वागतो, हे लक्षात ठेवा, हीच खूण. डोंगल निळ्या, म्हणजे बहुतेक यूएसबी ३.० च्या पोर्टातून काढून लांबच्या काळ्या पोर्टात लावा, किंवा छोट्या एक्स्टेंशन केबलने माउसजवळ टेबलावर आणा. माझा स्वतःचा अनुभव असा की बऱ्याच वेळा एवढ्यावरच भागतं.

रात्री चालू होण्याचं सोपं आहे. टेबलाला धक्का लागला, माउस किंचित हलला, स्लीपमधला कॉम्प्युटर उठला. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये कॉम्प्युटर उठवायची परवानगी काढून टाका. तरीही उठत असेल तर रात्रीचे अपडेट बघा.

शेवटचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही, तेही सांगितलं पाहिजे. २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या कंपनीने माउसजॅक नावाची त्रुटी दाखवली होती, काही कंपन्यांची डोंगलं एन्क्रिप्शन नसलेले, म्हणजे गुप्त संकेतात न बदललेले सिग्नलही स्वीकारत होती, त्यामुळे साधारण १०० मीटरच्या आतला माणूस तुमच्या कॉम्प्युटरवर बटणं दाबल्यासारखं करू शकत होता. पण "कोणीही" नाही, जवळ यावं लागतं, साधनं लागतात, आणि ब्लूटूथवाल्यांना ही त्रुटी लागू नव्हती. त्यात कॉम्प्युटर फॉरमॅट करून काहीच होत नाही, कारण दोष डोंगलमध्ये आहे. तुमचं डोंगल त्या काळातलं असेल तर कंपनीच्या साइटवर त्याच्या फर्मवेअरचं (डोंगलच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आहे का बघा, नसेल तर तेवढा सेट बदला, फोटो आहेत तिथेच राहू द्या.