डबेवाले, सुपरकॉम्प्युटर आणि एक फॉरवर्ड

‘मुंबईकर असाल तर पुढे पाठवा’ अशी शेपटी लावलेला एक मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम’ हे एनपी-हार्ड गणित आहे, म्हणजे संगणकाला कधीच न सुटणारं. फक्त २० घरं फिरून परत येण्याचा सर्वांत जवळचा मार्ग काढायला सुपरकॉम्प्युटरला अब्जावधी वर्षं लागतील. आपले डबेवाले तेच गणित रोज डोक्यात सोडवतात. आणि आता क्वांटम कॉम्प्युटर आला की ते सेकंदात सुटेल, सगळ्या बँकांचे पासवर्डही फुटतील.

डबेवाल्यांचं कौतुक रास्तच आहे. गणित एनपी-हार्ड आहे, हेही खरं. बाकी एकही विधान टिकत नाही.

आधी ती अब्जावधी वर्षं. २० ठिकाणं वेगवेगळ्या क्रमाने फिरायच्या शक्य फेऱ्या होतात सुमारे ६ कोटी अब्ज. सेकंदाला एक अब्ज फेऱ्या तपासणाऱ्या यंत्राला त्या सगळ्या पाहायला दोन वर्षंही लागत नाहीत. पण एकेक फेरी तपासतंय कोण? हेल्ड आणि कार्प यांनी १९६२ साली दिलेली पद्धत छोट्या तुकड्यांची उत्तरं जपून ठेवते आणि पुन्हा वापरते. तिला २० ठिकाणांसाठी साधारण ४२ कोटी पायऱ्या पुरतात. म्हणजे घरातल्या लॅपटॉपवर काही सेकंदांचं काम. याच पद्धतीने ६० ठिकाणं घेतली तर मात्र त्याच वेगाच्या यंत्राला लाखाहून जास्त वर्षं लागतील. काळजी करायची ती या वाढीची, २० या आकड्याची नाही.

आणि ‘कधीच न सुटणारं’? तशी गणितं आहेत, गणितज्ञ ट्युरिंगने १९३६ सालीच एक दाखवलं. हे त्यातलं नव्हे. एनपी-हार्ड म्हणजे एवढंच, की प्रत्येक उदाहरणाला झटपट आणि अचूक उत्तराची हमी देणारी पद्धत कुणालाही माहीत नाही. ती असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. त्या प्रश्नावर २००० साली लागलेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस अजून तसंच पडून आहे. हमी सोडली की चित्र बदलतं. चिपच्या रचनेतून आलेलं ८५,९०० बिंदूंचं उदाहरण २००६ साली अचूक सुटलं. ‘जवळपास उत्तम’ चालणार असेल, तर क्रिस्टोफिडिसच्या १९७६ च्या पद्धतीचा मार्ग (नेहमीच्या अंतरांसाठी) सर्वोत्तमाच्या दीडपटीपलीकडे कधीच जात नाही.

आता डबेवाले. ते हे गणित सोडवतच नाहीत, आणि खरी हुशारी त्यातच आहे. त्या गणितात एकच माणूस सगळं गाव पालथं घालतो. इथे प्रत्येकाच्या वाट्याला ठरलेल्या चार गल्ल्या. घरून उचललेला डबा जवळच्या स्टेशनवर येतो, झाकणावरची खूण बघून वेगळा काढला जातो, लोकलने जातो, उतरल्यावर पुन्हा वाटणी होते आणि ऑफिसात तो पोहोचवतो बहुधा दुसराच कुणी. कुठून उचलला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला, हे सगळं त्या खुणेत. अख्खी मुंबई एका डोक्यात मावण्याची गरजच उरत नाही. मधला लांबचा पल्ला रुळांवरून जातो. विरार ते चर्चगेट स्टेशनं एकाच मार्गावर ओळीने लागतात. शेवटच्या स्टेशनपर्यंत जा आणि परत या, याहून लहान फेरी असूच शकत नाही. ते सिद्ध करायला सुपरकॉम्प्युटर कशाला! शिवाय गिऱ्हाईक बहुतेक रोजचंच, त्यामुळे फेरी वर्षानुवर्षं घासून बसलेली असते. आणि उद्दिष्ट सर्वांत कमी अंतर हे नाहीच. चार पावलं जास्त पडली तर चालतं, ठरलेली गाडी चुकलेली चालत नाही. काठिण्य असतं ते प्रश्नाच्या सरसकट रूपात. प्रश्न असा बांधून घेतला की ते उरेलच असं नाही. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या धंद्याने ते कुठल्याही सिद्धांताची वाट न बघता केलं. ‘सुपरकॉम्प्युटरला हरवलं’ हे कौतुक त्यापुढे फिकं आहे.

राहिला क्वांटम. शोरच्या १९९४ च्या पद्धतीने पुरेसं मोठं क्वांटम यंत्र प्रचंड संख्यांचे अवयव पाडू शकेल आणि आरएसए कुलूप (अशा संख्यांवर बेतलेली, इंटरनेटवरचा मजकूर गुप्त ठेवणारी पद्धत) तोडू शकेल, हे खरं. पण अवयव पाडणं एनपी-हार्ड असल्याचं कुणी दाखवलेलं नाही, त्यामुळे तिथली सोय इथे आपोआप लागू होत नाही. आंधळ्या शोधासाठी, म्हणजे कुठलाही सुगावा नसताना एकेक पर्याय तपासण्यासाठी, ग्रोव्हरची १९९६ ची पद्धत आहे. ती पायऱ्या वर्गमुळाइतक्या खाली आणते, आणि आंधळ्या शोधात याहून फार काही मिळत नाही हे सिद्ध झालेलं आहे. आपल्या २० घरांना ती लावली तर ६ कोटी अब्जांचे होतात सुमारे २५ कोटी. लॅपटॉपवरच्या १९६२ च्या पद्धतीला लागत होत्या ४२ कोटी. पासवर्डच्या शोधातही वर्गमुळाइतकीच सूट, म्हणून लांब पासवर्ड शाबूत राहतो. आरएसएची जागा घेणारी नवी कुलुपं कशी असावीत, याची मानकं अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्येच जाहीर केली आहेत.