दहा सेंटिमीटरच्या डबीतलं वादळ

गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढणार, हे आम्ही नाशिककर एका हाताने छत्री सांभाळत सांगतो. त्यामुळे संगणकावर प्रवाहाचं गणित शिकायला बसलो की पहिल्याच दिवशी आम्हाला गोदावरीचा पूर हवा असतो. हे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, ओपनफोम, मात्र पहिला धडा म्हणून हाती ठेवतं दहा सेंटिमीटरची चौकोनी डबी. आत पाणीसुद्धा नाही. पाण्याच्या दहा हजार पट चिवट असं काहीतरी. झाकण सेकंदाला एक मीटर सरकतं आणि आतला ऐवज त्याच्यामागे फरफटत गोल फिरतो. झाला पूर!

आधी ब्लॉकमेश या आज्ञेने डबीची छोट्या घरांत जाळी पाडायची, चेकमेशने तपासायची (ही पायरी सगळे गाळतात आणि मग दैवाला दोष देतात), मग आयकोफोम हा सॉल्व्हर, म्हणजे प्रत्यक्ष गणित सोडवणारा प्रोग्रॅम, चालवायचा. फाइलीत एखादा अर्धविराम राहिला तर बोंब भलत्याच ओळीच्या नावाने होते, म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ आधी पाहावी.

खरा घोळ जाळीत. वीस बाय वीस घरं, एक घर 5 मिलिमीटर, वेळेचं पाऊल 0.005 सेकंद. वेग गुणिले वेळ भागिले घराची लांबी: उत्तर बरोबर एक. हाच कूरंट नंबर. एका पावलात प्रवाहाने एकाहून जास्त घर ओलांडू नये, एवढंच त्याचं मागणं. पण चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून उत्साही माणूस घरं चाळीस बाय चाळीस करतो, वेळ तशीच ठेवतो. आकडा दोन! हाव आणखी वाढली की वेग दहाचा हजार, हजाराचा अब्ज होतो आणि शेवटी 'फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन', म्हणजे आकडा हाताबाहेर गेल्याने गणित बंद. लॅपटॉप बिचारा निर्दोष असतो. घर निम्मं केलं की वेळही निम्मी करायची.

मारुतीराया अजून लांब आहेत. सॉल्व्हरला क्युसेक कळत नाही. 10,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 283 घनमीटर, ते पात्राच्या छेदाने भागून वेग द्यायचा. प्रवाह शांत की खवळलेला हे सांगणारा रेनॉल्ड्स नंबर डबीत 10, पुरातल्या मूर्तीभोवतीचा सहज लाखांत. तिथे आयकोफोम कामाचं नाही. खळबळीचा हिशेब ठेवणारं टर्ब्युलन्स मॉडेल हवं, आणि पाण्याचा पृष्ठभाग हवा असेल तर इंटरफोम हा दुसरा सॉल्व्हर.

तोवर पॅराव्ह्यूमधली (उत्तरं चित्रांत दाखवणारं सॉफ्टवेअर) लाल-निळी चित्रं सासऱ्यांना दाखवू नयेत, विशेषतः ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतील तर. ते थेट दाब विचारतात. आयकोफोमचा दाब घनतेने भागलेला असतो. पाण्यासाठी 1000 ने गुणल्याशिवाय पास्कल मिळत नाहीत.