मीरा गाडी सुझुकीने चोरलेली नाही

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची 'मीरा' ही छोटी गाडी सुझुकीने चोरली, तीच मारुती ८०० म्हणून विकली, तेव्हा मराठी माणसाने कारखान्याच्या नादाला लागू नये, असा मेसेज निपाणी-चिकोडीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नुकत्याच कामाला लागलेल्या माझ्या भाच्याने तो मला दाखवला. "मामा, असंच होणार असेल तर इथं राबून काय उपयोग?" हे ऐकून गप्प बसवेना.

चोरी कसली? शेवटच्या मीराचं इंजिन मागे होतं, दोन सिलिंडरचं. मारुती ८०० चं पुढे, तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ती गाडी सुझुकीच्याच जपानमधल्या अल्टोवर बेतलेली होती. बॉनेट उघडून बघायचे तरी कष्ट घ्या! आणि दोन सिलिंडरचं इंजिन मागे बसवणं हे काही गुपित नव्हतं. इटलीतली १९५७ ची फियाट ५०० तशीच होती. मग उद्या शंकररावांनीच फियाट चोरली म्हणणार का? १९४९ मध्ये पहिला नमुना करून १९७० पर्यंत गाडी सुधारत राहिलेल्या माणसाचं कर्तृत्व सांगायला खोट्याचा टेकू लागत नाही.

"गाडी तयारच होती," असंही मेसेजात म्हणे. नमुना तयार होता. आमच्या फाउंड्रीत ब्रॅकेटचा पहिला नग कानस मारून जुळवता येतो, पण हजारावा गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात, बसला नाही की अख्खा लॉट परत येतो. उत्पादनाला डाय (साचे), जिग (नग एकसारखे पकडून ठेवणारी साधनं), पुरवठादार, भांडवल, सगळं लागतं. मीराची सांगितली जाणारी बारा हजारांची किंमतही अंदाजाचीच. विक्री कधी झालीच नाही.

सरकारी परवान्याचा अडसर होता, एवढं मान्य करावं लागेल. १९५१ च्या कायद्यानुसार केंद्राच्या परवानगीशिवाय मोटारीचा कारखाना निघत नव्हता, आणि १९७० मध्ये छोट्या गाडीचं इरादापत्र (परवान्याआधीची सरकारी संमती) मिळालं ते संजय गांधींना. त्यांच्या मारुती कंपनीवर सरकारी खाती कशी मेहेरबान झाली, ते त्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती गुप्ता आयोगाच्या अहवालात वाचा. पण हा सगळा दिल्लीचा कारभार. सुझुकीशी करार झाला तो त्यानंतर, १९८२ मध्ये.

राहिला मराठी माणूस. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, लोखंडी नांगरही इथेच घडवले. इथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, पण बेळगावात राहून तो पुढे ढकलणाऱ्यांना ठाऊक असायला हवं.